मधली खुर्ची

“आता?” त्यानं मंचावरून विचारलं.

“अजून थोडं,” ती म्हणाली.

रिकाम्या सभागृहात सातव्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर ती बसली होती. समोर दोन ॲम्प, मध्ये सहा पावलांचं अंतर, दोन्हींचे लाल दिवे लागलेले. माइकवाल्यानं सकाळीच सगळं मांडून ठेवलं होतं आणि तो कुठंतरी बाहेर गेला होता. संध्याकाळी सहाला कार्यक्रम. दुपारचे तीन वाजून गेले होते.

गिटारीचा सूर दोन्ही ॲम्पमधून एकदमच आला तर मध्ये कुठंतरी चिकटून राहतो. डावा ॲम्प केसभर उशिरा बोलला की तोच सूर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतो. हा उशीर त्याच्या पायाशी ठेवलेल्या डबीचं बटण फिरवून ठरवायचा. किती फिरवायचं, ते मधल्या खुर्चीतल्या माणसानं सांगायचं. पस्तीस वर्षं ती खुर्ची तिची होती. डावा ॲम्पही तिच्याच माहेरचा. भावाकडून आठवड्यापुरता आणलेला. भाऊ आजोबा झाला तरी तो ॲम्प अजून परत जायचाच होता.

आणि पाच महिन्यांपूर्वी, एका तापानंतर, तिचा डावा कान गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तो आता यायचा नाही. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून येतोय ते उमगत नाही. डावं-उजवं सगळं एकच. तिनं कुणाला कानोकान खबर लागू दिली नव्हती. लागू देणार कशी? अकरा वर्षांनी तो पुन्हा मंचावर बसायला तयार झाला होता, तोही एकाच अटीवर: “मधल्या खुर्चीत तू असशील तर.” खरं सांगितलं तर गिटार पुन्हा पेटीत जाणार, आणि या खेपेला कायमची. खोटं सांगितलं आणि चुकलं, तर तीनशे माणसांसमोर त्याची शोभा.

“अगं, डुलकी लागली की काय? तुझं नेहमीचंच. या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं.”

ती खुर्चीत ताठ बसली. “काही सोडत नाही हो. तुम्ही वाजवा.”

घरात लपवणं त्या मानानं सोपं होतं, रस्त्यावर कठीण. चालताना ती हळूच त्याच्या डाव्या हाताला सरकायची, म्हणजे तो तिच्या चांगल्या कानाकडे यायचा. पण हा लगेच वळसा घालून तिला पुन्हा आपल्या उजव्या हाताला घ्यायचा. “तिकडून गाड्या येतात,” म्हणायचा. ती पुन्हा सरकायची, तो पुन्हा वळसा घालायचा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा-म्हातारी नाचतायत. इतकं जपतो म्हणून तिला भरून यायचं, आणि चीडही यायची.

आज तिनं एक युक्ती योजली होती. सूर जागेवर बसला की त्याचे खांदे खाली येतात, हे तिला पस्तीस वर्षं ठाऊक होतं. तेवढं बघायचं आणि ‘बस्स’ म्हणायचं. पण तो तारांकडे बघतच नव्हता. टक लावून तिच्याकडे बघत होता, आणि खांदे काही केल्या उतरत नव्हते.

त्यानं बटण फिरवलं. वाजवलं. पुन्हा फिरवलं.

“आता?”

तिला राहवेना. ती उठून उभी राहिली. “अहो, थांबा. मला एक सांगायचंय.”

त्याचा हात तारांवरच थांबला. चेहरा उतरला. “जमत नाहीये का? स्पष्ट सांग. अजूनही नाही म्हणून कळवता येईल.”

ते ‘नाही’ ऐकलं आणि तिनं बेत बदलला. ती खाली बसली. “तसं नाही हो. उशीर जरा वाढवा, एवढंच म्हणत होते.”

त्यानं बटण फिरवलं आणि एक लांब सूर छेडला. तिनं मनात तीन आकडे मोजले आणि देवावर हवाला ठेवला.

“बस्स! आता पसरला.”

त्याचे खांदे खाली आले.

“आत्ता कसं! डावा अगदी माझ्या खांद्यावर येऊन बसलाय. तुला?”

“मला तर पार भिंतीपर्यंत गेलेला ऐकू येतोय.”

“तरी मी म्हणत होतो, तुझ्या कानाला तोड नाही.” तो हसला. कित्येक दिवसांनी ती पण मोकळं हसली.

तेवढ्यात मागचं दार ढकलून माइकवाला धापा टाकत आत आला. त्याच्या खांद्यावर नव्या वायरचं वेटोळं होतं.

“माफ करा काका, खोळंबा झाला तुमचा. डाव्या ॲम्पला आवाज नेणारी वायर आतून तुटलेली निघाली, म्हणून काढून नेली होती. ही जोडतो, मग करा सुरुवात. त्याचा दिवा लागलाय खरा, पण सकाळपासून तो मुकाच आहे.”