तोंडी माप

लेकीने ओलं फडकं घेतलं आणि आईच्या ब्लँकेटवर खडूने लिहिलेली मापं खसाखसा पुसून टाकली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दवाखान्यात धावत आली होती आणि पाहते तर काय, हे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"इथेही तुझं शिवणकाम! हात डोक्यापर्यंत जात नाही, केस मला विंचरावे लागतात, आणि मापं कुणाची घेतेस गं?"

चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या आईचे स्नायू एका आजाराने सुजवून लुळे केले होते. बोटं तेवढी शाबूत होती. टेप आणि खडू तिने उशीखाली कधी दडवले, देव जाणे. पडून पडून पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं इंजेक्शन तिला रोज दोनदा देत. ते घेऊन सिस्टर आल्या, तर लेक त्यांच्यावरच घसरली.

"आजारी बाईकडून गणवेश शिवून घेता? लाज नाही वाटत?"

"तोंड सांभाळून बोला! मी कशाला शिवून घेऊ?"

"मग हे अठरा, एकोणीस, साडेवीस कुणाचं?"

"माझ्या मांडीचं," आई पुटपुटली.

सिस्टरनी ब्लँकेट बाजूला ओढलं. डावी मांडी टम्म फुगलेली, काळीनिळी. त्यांनी इंजेक्शन तसंच ट्रेमध्ये टाकलं आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी मांडी चाचपली. आईचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"स्नायूत रक्तस्राव होतोय. कधीपासून? किती वेगाने वाढतंय हे?"

आईने मापं सांगायची आणि लेकीने वहीत टिपायची, हे लहानपणापासूनचं. एकदा वाचलेला आकडा लेक विसरत नसे; पुसलेल्या मापांपुढे लिहिलेल्या वेळाही तिला आठवत होत्या. "सातला अठरा. नऊला एकोणीस. अकराला साडेवीस इंच."

"स्ट्रेचर आणा! रक्त मागवा!" डॉक्टर भडकले. "आणि हे आत्ता सांगता? सकाळीच तोंड का नाही उघडलं?"

आईने आधी डॉक्टरांकडे, मग लेकीच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"सकाळी यांना सांगितलं, मग फोनवर तुला. दोघंही म्हणालात, पडून राहिलं की पाय जडावतोच. तोंडी मापावर कुणी कापडाला कात्री लावत नाही, म्हणून लिहून ठेवलं. तर तेही पुसलंस."