तिसरा पिकोलो

राखीनं दुसरा पिकोलो, बँडमधली ती आखूड, उंच सुराची बासरी, काउंटरवरच्या मखमलीवर ठेवला आणि पुंडलिकरावांकडे पाहिलं. शाळेच्या बँडमध्ये तिला शिकवणारे हे सर स्टुलावर बसले होते, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून. चेहऱ्यावर ना पसंती, ना नापसंती. पहिल्या पिकोलोच्या वेळीही असंच झालं होतं.

यवतमाळच्या दत्त चौकामागच्या गल्लीतलं ते वाद्यांचं दुकान. दुकानाच्या मालकीण इंदुताई म्हणत होत्या, पहिलाच घे, चांदीसारखा चमकतो आणि आवाज मैदानाच्या पार टोकाला जातो. दुसरा दिसायला साधा, पण त्याच्या चाव्या लोण्यावर बोट ठेवावं तशा चालत होत्या. राखीला दोन्ही बरे वाटत होते, आणि तीच पंचाईत होती. थोड्याच दिवसांत ती संगीत शिकायला नागपूरला जाणार होती. तिथल्या मुलांकडे आपापली वाद्यं असणार. तिच्या हाती आजवर होता तो बाभुळगावच्या शाळेचा पिकोलो, आणि बारावी झाल्यावर तो शाळेच्या कपाटात परत गेला होता.

नवे पिकोलो समोर असताना तिला त्या जुन्याचीच आठवण येत होती. त्याची एक चावी नीट बसत नसे. सरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्याखाली चिकटवला होता. अगदी खालचा सूर लावला की आधी हवेची फुसफुस यायची आणि सूर मागून. बँडसाठी मुलं निवडली तेव्हा सगळ्या मुली ढोलांकडे धावल्या होत्या. राखी बुटकी, मागे राहिलेली. तिच्या वाट्याला हे दीड वितीचं वाद्य आलं. सर तिला कडुनिंबाखाली न्यायचे, समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, वाजव. घरी याडीनं, म्हणजे तिच्या आईनं, बिजलीबाईनं, त्याचं नाव पाडलं पिकुली. मग सगळा बंजारा तांडाच पिकुली म्हणू लागला. सव्वीस जानेवारीला तांड्यातल्या बाया शाळेच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. ढोलांच्या दणदणाटातही आपल्या पोरीची पिकुली त्यांना वेगळी ऐकू यायची.

आज सकाळी निघताना याडीनं एकच सांगितलं होतं. पिकुली सरांच्या कानानं घे. सरांचा कान म्हणजे गावात दाखला होता. तरुणपणी त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये वणीपासून मारेगावपर्यंत पिकोलो वाजवला होता. शाळेत ते फाटकाशी उभे असायचे आणि तिथूनच कोणाचा ढोल चुकला ते सांगायचे. निवृत्त होऊन ते मुलाकडे यवतमाळला राहायला आले, म्हणून राखी आधी त्यांच्या घरी गेली आणि त्यांना सोबत घेऊनच दुकानात आली.

"अजून एक आहे," इंदुताई म्हणाल्या. "पण तो वापरलेला आहे."

त्यांनी खालच्या खणातून डबी काढली. आत काळ्या लाकडाचा पिकोलो होता. चांदीचा मुलामा चाव्यांवरून जागोजागी उडालेला. राखीनं तो ओठाला लावला. पहिल्या फुंकेला तो बोललाच नाही. तिनं ओठ सैल केले, पुन्हा फुंकलं, आणि सूर आला. मऊ, थोडा धुरकट, शेकोटीजवळ बसलेल्या माणसाच्या आवाजासारखा.

तिला परेडची धून वाजवायची होती. आधीच्या दोन्हींवर तीच वाजवली होती. पण बोटं दुसरीकडेच गेली. होळीच्या दिवसांत तांड्यातल्या बाया फेर धरून लेंगी म्हणत, त्यातली एक चाल तिच्या बोटांखाली येऊ लागली. ती तिनं कधी वाजवली नव्हती. शाळेच्या बँडमध्ये ती कोण बसवणार? कापूस वेचताना याडी ती गुणगुणायची, तेव्हा लहानगी राखी कापसाच्या गाठोड्यावर निजलेली असायची. उन्हानं तापलेल्या कापसाचा वास तिच्या नाकात आला. मधली एक ओळ तिला आठवेना. ती थांबली, शोधली, सापडली तशी पुढे गेली.

चाल संपली तेव्हा इंदुताईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं होतं. राखी ओशाळली. सरांकडे वळणार, तोच ते म्हणाले, "हाच घे."

डबी पिशवीत घालून दोघं बसस्टँडवर आले. सरांनी चहा सांगितला. राखीच्या मनात मात्र किंतु होता.

"सर, त्या चमकणाऱ्याचा वरचा सूर जास्त साफ होता ना? मंग हा काहून म्हटला तुमी?"

सरांनी कप बाकावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं ते असं, की पिकोलोवाल्याचा उजवा कान आधी जातो. वाद्य कानाच्या अगदी जवळ, आणि लग्नात रात्ररात्र मागे पितळी बाजे. उजवा गेला, त्याच्यामागून डावाही. माणसांचं बोलणं कळतं, ढोल कळतो. पण पिकोलोचे वरचे सूर त्यांना ऐकू येईनासे झाले, तेही राखी शाळेत येण्याच्या आधीच. औंदा तुरी बऱ्या आहेत असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

राखीचा चहा हातातच निवला. बाभुळगावची बस लागली, माणसं चढू लागली, तरी ती उठली नाही.

"मंग आज तुमी आयकलं काय, सर?"

"आयकलं काहीच नाही," पुंडलिकराव म्हणाले. "पयले दोन वाजवतानी तू घडीघडी माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. तिसऱ्याच्या वक्ती मी तिथं बसलो आहो, याचीबी तुले याद राह्यली नाही."