जड वाहनाचं लायसन्स

ट्रक ड्रायव्हर नवऱ्याची लायसन्ससाठी डॉक्टरी तपासणी होती आणि जीव टांगणीला लागला होता बायकोचा. डोळे, साखर, रक्तदाब सगळं ठीक निघालं. प्रश्न कानांचा होता. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसून ह्यांचे कान गेलेत, हे तिनेच कधीचं ठरवून टाकलं होतं. तीन हाका मारल्या तरी हा माणूस पेपरातून डोकं वर काढायचा नाही. म्हणून तर ती त्याच्या देखत बहिणीला फोन लावून सासूबाईंपासून त्याच्या घोरण्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची.

पण लायसन्स गेलं की चूल बंद. डॉक्टर विचारतील ते खुणेने सांगता यावं, म्हणून ती त्याच्यासमोर ठाण मांडून बसली.

डॉक्टरांनी त्याला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि दाराशी जाऊन ते कुजबुजले, "सत्तावीस. कपाट. पिवळी छत्री."

"सत्तावीस, कपाट, पिवळी छत्री," तो भिंतीला म्हणाला. "आणि बाहेर कंपाउंडर म्हणतोय, साहेबांचा चहा गार झाला."

"भलतेच तिखट कान आहेत हो ह्यांचे!" डॉक्टरांनी शिक्का मारला.

जिना उतरताना तिला कालचाच फोन आठवला.

"अहो, सगळं ऐकू येत होतं, तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"


"ट्रकमध्ये नुसतं इंजिन ऐकतो मी," तो म्हणाला. "बोललो असतो, तर तू बोलायची थांबली असतीस."