न लागलेली समई

चांगलं नळकांडं कारखान्यातच राहिलेलं पाहून मृण्मयीच्या छातीत धस्स झालं. तिनेच आराखडा काढलेलं स्वयंपाकाच्या गॅसचं ते छोटं नळकांडं सासूबाईंनी कौतुकाने पूजेला मागितलं होतं. सकाळी घाईत ती जे घरी ठेवून आली, ते चाचणीत गळलेलं होतं!

तिने फोनवर फोन केले. पण पूजा होईपर्यंत सासूबाईंचं मौन असे, बारा वर्षांत एकदाही न मोडलेलं. आणि पूजेत आधी समई लागायची.

“देवा, त्यांना काडी ओढू देऊ नकोस,” म्हणत ती घराचा जिना चढली. वर गॅसचा वास होता, खिडक्या सताड उघड्या, समईतली वात कोरीच.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. घसा पार बसलेला.

“ओरडून ओरडून शेजाऱ्यांना शेगड्या विझवायला लावल्या गं. मौन मोडलं.” त्यांनी तिचा हात धरला. “उद्या न गळणारं आण हो. मीही मौन पुन्हा पहिल्या दिवसापासून धरते.”