दिलाचं दुखणं

डोईवर दोन घागरी घेऊन विहिरीवरून येताना मनकर्णाला धाप लागायची, छातीत धडधडायचं, अन् परवा तर ती वाटेतच मटकन खाली बसली. नवरा सांडू तिला औरंगाबादच्या दवाखान्यात घेऊन गेला. निजामाचं राज्य, डाक्टर बोलणार उर्दूत. पण सांडू कचेरीत खेटे घालून घालून उर्दू शिकलेला, अन् त्याला त्याचा लई तोरा. डाक्टरनं तिची छाती तपासली अन् सांडूला बजावलं, “इनका दिल कमजोर है. बोझ मत उठाने दो.”

घरी येऊन सांडूनं आईला नीट समजावून सांगितलं. “हिचं मन कमजोर हाय म्हणं. मनावर ओझं घेऊ द्यायचं नाय.”

“मला वाटलंच व्हतं,” भागूबाई म्हणाली. “रिकामं बसलं की मनात नाय नाय ते येतं. हिला कामात गुंतवाय पायजे.” दुसऱ्या दिवसापासून जावेच्या वाटचं दळणही मनकर्णाकडंच आलं.

आठव्या दिवशी मनकर्णानं विहिरीवरून आणलेल्या घागरी कशाबशा उतरवल्या अन् छातीला हात लावून म्हणाली, “आत्याबाई, ओझं मनावर नाय वो. डोईवर हाय.”



भागूबाईचा चेहरा खुलला. “सांडू, गुण आला बघ, मनातलं बोलाय लागली,” म्हणत तिनं कडेवर घ्यायला तिसरी घागर सुनेच्या पुढ्यात ठेवली.