दुसरा नमुना

बाळाला घेऊन नवऱ्याकडे परदेशी जायचं म्हणून तिघांच्या गालांतून डीएनएचे नमुने घेतले. व्हिसाचे अधिकारी म्हणाले, “बाप जुळतो, आई जुळत नाही. कुणाचं बाळ उचललंत, बाई?” “अहो, नऊ महिने पोटात वागवलंय मी!” बाळ काढून घेतील या धास्तीनं मी त्याला सोडेचना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझ्या गर्भाशयातून दुसरा नमुना घेतला. तो बाळाच्या आईचा निघाला, पण माझ्या गालाशी जुळेना. त्या हळूच म्हणाल्या, “तुमच्या आईच्या पोटात तुम्ही जुळ्या दोघी होतात. बहीण जन्माआधीच तुमच्यात मिसळून गेली. बाळ तिच्या पेशींतून आलंय. नात्यानं तुम्ही मावशी.” “राहील ना माझ्याकडे?” “राहील की! जन्म तुम्हीच दिलाय.” घरी सासूबाईंनी त्याला घेत विचारलं, “काय ठरलं गं?” “आमचंच आहे.” बाळ रडलं. मी मनात आणायच्या आधीच माझ्या हातांनी त्याला हिसकावून घेतलं.