सतरा नंबरची काच

१९५४ साली मी वर्ध्याजवळच्या एका मोठ्या कुष्ठरोग प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे दरवर्षी कामावरच्या सगळ्यांच्या त्वचेचेही नमुने तपासले जात. काचेवर फक्त नंबर असे. नावांची यादी डॉक्टरांच्या कपाटात. सूक्ष्मदर्शकाखाली काचा मी तपासायची.

सतराव्या काचेत जंतू दिसले. लाल, बारीक, काड्यांच्या जुडीसारखे. माझ्या कोपरावर महिन्याभरापासून एक बधिर डाग होता, आणि पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं. मी ती काच स्पिरिटने घासून पुसून टाकली आणि तक्त्यात सगळ्या नंबरांपुढे ‘जंतू नाहीत’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यादी काढून निकाल वाचला. माझा नंबर नऊ होता. माझा जीव भांड्यात पडला.

सतरा हा नंबर काचा धुणाऱ्या चतुराबाईचा होता. ती धावतच माझ्याकडे आली.

“म्हंजे मले काई नाई नं, बाई? भेवानं चार महिने पोरीले मायजवळ ठेवलतं. आजच घेऊन येते तिले. आज माह्या कुशीत झोपन ती.”